काळ्या पट्टीखालचा पत्ता

माझ्या ताईचे डोळे तिच्या नवऱ्याने एकेक करून फोडले. डावा आधी, स्वयंपाकघरात, रुमालात पितळी कुलूप बांधून. उजवा पुढच्या वर्षी, त्याच रुमालाने आणि त्याच कुलपाने, कारण हाताशी तेच होतं. दुसऱ्या वेळी जबडाही मोडला, म्हणून आजही जांभई देताना तिला हनुवटीला हात लावावा लागतो. लोक विचारतात, पहिल्यानंतरच का नाही निघाली? अशांना मी एकच सांगते: तुमच्या जिभेला हाड नाही आणि तिच्या जबड्यात स्टीलची पट्टी आहे.

नात्याने तो माझा दाजी. धंद्याने कुलूपवाला. किल्ली हरवलेल्यांची दारं उघडून द्यायची, त्यावर पोट. दिसायला गोगलगाय. कुलूप उघडताना तो दारासमोर गुडघे टेकून बसे, कान दाराला लावी, उजव्या हाताने तार फिरवी. खटका सरकला रे सरकला की डाव्या हाताची बोटं चटकन दाराच्या फटीत घाली, खटका परत बसू नये म्हणून. ही त्याची सवय मला ठाऊक आहे, कारण ताई त्याच्या शेजारी बसून एकेक तार त्याच्या हातात द्यायची आणि घरी येऊन मला साभिनय करून दाखवायची. तेव्हा तिला दिसत होतं आणि आम्ही हसत होतो.

त्याला शिक्षा झाली. भोगून सुटला आणि सुटल्याच्या आठवड्यात आम्हाला हुडकून काढलं. आमचं तेव्हाचं घर तळमजल्यावर होतं. कुलूप त्याने उघडलं, पण आतून कडी होती. मग काय, तो गेला असेल असं आम्हाला वाटेपर्यंत जिन्याखाली बसून राहिला. ताई कचरा टाकायला बाहेर आली तशी त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला ओढत रस्त्यापर्यंत नेलं. मी धावले, त्याच्या दंडाला चावले, तर त्याने कोपराने माझे पुढचे दोन दात पाडले. आता बसवलेत, पण थंड पाणी प्यायले की अजून कळ जाते.

तो जामिनावर सुटला आणि आम्ही तिसरं घर घेतलं. ताईच्या अर्जावर न्यायाधीशांनी आदेश दिला की नवा पत्ता गुप्त ठेवायचा. कुलूपवाल्याला मिळालेल्या निकालाच्या प्रतीत पत्त्याच्या जागी काळी पट्टी होती. खरा पत्ता फक्त न्यायालयाच्या मूळ प्रतीत. कडी-कोयंड्यांनी जे साधलं नव्हतं ते त्या पट्टीने साधलं. त्याला पत्ता माहीत नाही, एवढंच आमचं कुलूप.

नव्या घरात ताईने पहिले काही दिवस नुसत्या भिंती चाचपल्या. कपाळ फुटलं, नडग्या सोलल्या, चहा हातावर सांडला. हळूहळू तिने ते घर हातांनी पाठ केलं. दार किती उघडलं की कुरकुरतं, जिन्याची कुठली पायरी सैल आहे, सगळं. एके सकाळी मी न सांगता तिने चहा करून आणला तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले.

मी काम करते तिथे न्यायालयाचेच निकाल येतात, गठ्ठ्यांनी. पिना काढायच्या, पानं सरळ करायची, स्कॅन करायची. पण स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्यात शोधून काही सापडत नाही. म्हणून मग ओसीआर मारायचा, म्हणजे संगणक फोटोतली अक्षरं वाचतो आणि तोच मजकूर फोटोच्या पोटात लपवून ठेवतो. डोळ्यांना फोटो दिसतो, शोधणाऱ्याला मजकूर सापडतो. मी त्याला शीर्षकं, तारखा, विषय, खुणा लावते आणि फाईल न्यायालयाच्या संकेतस्थळावर चढते. कुणीही एक शब्द टाकावा, ढिगातलं नेमकं पान समोर.

झाकायचं काम चित्रकाराचं. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्या छापील झाल्या आणि तो आमच्याकडे आला. बायकांची नावं, मुलांची नावं, लपवायचे पत्ते, सगळ्यावर तो काळ्या पट्ट्या ओढतो, इतक्या नेटक्या की एका अक्षराची शेपटी बाहेर राहणार नाही. त्यानेच भिंतीवर सुबक अक्षरांत आमचा नियम रंगवून ठेवला होता: आधी झाका, मग वाचा. आधी पट्टी, ती पानात पक्की करायची, मगच ओसीआर. म्हणजे संगणकालाही पट्टीखालचं कळू नये.

मालकाला आम्ही पाठीमागे झालं-झालं म्हणतो. काहीही विचारा, उत्तर तेच. काम द्यायची तारीख उरावर बसली तशी त्याने आम्हाला न सांगता सुट्टीच्या दिवशी सगळ्या ढिगाला एकदम ओसीआर मारून टाकला. चित्रकाराने पट्ट्या नंतर ओढल्या. आधी कळस, मग पाया. दिसायला सगळं काळं कुळकुळीत. ताईचा निकालही त्याच ढिगात होता. तिची पट्टी मी स्वतः पाहिली आणि चित्रकाराच्या पाठीवर थाप मारली.

आमच्या फायली चढल्या की ताई घरी बसून त्या ऐकते. मोबाइलमध्ये एक बाई आहे, ती फाईलच्या पोटातला मजकूर सपाट आवाजात वाचते. पान उलटंसुलटं लागलं, रकाने एकात एक मिसळले, की ताई लगेच मला फोन करते, "अगं, तुमची बाई बरळतेय." फुकटची तपासनीस. त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीचंच काहीतरी.

"माझ्या निकालात पत्ता झाकलाय म्हणालीस ना तू?"

"हो. माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

"तुझ्या डोळ्यांचं राहू दे. हे ऐक."

आणि ती बाई वाचू लागली. एकही शब्द न अडखळता, बाजारभाव सांगावेत तशी. "अर्जदार राहणार छापखान्यामागची गल्ली, पिवळी इमारत, तिसरा मजला, जिन्यालगतचं दार."

कानाला फोन धरूनच मी संकेतस्थळ उघडलं आणि शोधायच्या चौकटीत ताईचं नाव टाकलं. फाईल उघडायचीही गरज नव्हती. शोधलेल्या शब्दाच्या आजूबाजूच्या दोन ओळी ते संकेतस्थळ आपणहून दाखवतं, लोकांची सोय म्हणून. ताईचं नाव, आणि त्याला चिकटून आमची गल्ली, आमचा मजला, आमचं दार. फायली परवाच चढल्या होत्या.

"ताई, ऐक. कडी लाव. नाहीतर असं कर, खालच्या शिंपीणबाईंकडे जाऊन बस. मी निघालेच."

"आणि मग?"

"मग काय? दुसरं घर बघू."

मागे ती बाई अजून वाचतच होती. मग ताईने अगदी साध्या आवाजात विचारलं, "हातोडी कुठे ठेवलीयेस गं?"

"खिडकीखालच्या खोक्यात. आता हातोडी कशाला?"

"एक खिळा वर आलाय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी मालकाच्या खोलीत घुसले. तो डबा उघडत होता. मी सांगितलं, ती फाईल आत्ताच्या आत्ता खाली उतरवा. परवलीचा शब्द त्याच्या एकट्याकडे होता, आमच्यापैकी कुणावर विश्वास नाही म्हणून. त्याने पडद्यावर पट्टी पाहिली आणि म्हणाला, "झाकलंय की. काळं ते काळं."

"खाली मजकूर आहे! शोधलं की दिसतोय!" मी ताईचं नाव टाकून पत्ता पडद्यावर आणला.

"कोण शोधतंय एवढं? जेवतो आणि बघतो. झालं-झालं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. टेबलावर कागदांना भोकं पाडायचं लोखंडी यंत्र होतं, जुनं, वजनदार. ते मी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. रक्त डब्यात सांडलं. तो उठायला गेला तशी मी त्याची मान धरून गाल टेबलावर दाबला आणि यंत्राचं तोंड उघडून त्याचा कान मध्ये धरला. "सांगतोस की भोक पाडू?" मी म्हटलं. मी हे म्हटलं आणि मला जराही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

दारात चित्रकार उभा होता. मला वाटलं, तो मला मागे ओढणार. त्याने दार आतून लावलं, त्याला पाठ टेकली आणि पडद्यावर दिसत असलेल्या आमच्या पत्त्याकडे बघत राहिला. "मी झाकलं होतं हो, बाई," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "मी नीट झाकलं होतं." मग तो मालकाजवळ आला आणि त्याने त्याचे दोन्ही हात पाठीमागे धरले. पाट्यांच्या शिड्या वाहिलेला माणूस तो, त्याच्या पकडीतून सुटणं मालकाच्या बापाला जमलं नसतं.

मालकाने शब्द सांगितला. मी फाईल उतरवली, मग सगळा ढीगच उतरवला. शोधून पाहिलं, काही सापडलं नाही. क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"तो आलाय," ताई म्हणाली.

"कुठे? कशावरून?"

"जिन्यावर. किल्ल्यांचा जुडगा वाजतोय. सैल पायरीवर थांबलाय."

"कडी लावलीस ना? ताई! कडी लावलीस ना?"

"तू सावकाश ये. रस्त्यात जपून." आणि फोन बंद.

मालकाच्या खिशातून त्याच्या स्कूटरची किल्ली मी काढून घेतली. तो नाकाला धरलेल्या रुमालातून काहीतरी ओरडला. रस्त्यात एका हाताने पोलिसांना फोन लावला. तिकडच्या शिपायाने पहिला प्रश्न काय विचारावा? "पत्ता सांगा." मी भर चौकात घसा फोडून पत्ता ओरडले. वळणावर एका हातगाडीला धडकले, गुडघा फुटला, तशीच उठले. मी ताईला पुन्हापुन्हा फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती.

पुढचं निम्मं मी पाहिलं आणि निम्मं तिने नंतर सांगितलं.

कडी तिने लावलीच नव्हती. कडी लावली की तो जिन्याखाली बसणार, हे तिला ठाऊक होतं. आज नाही तर उद्या तिला बाहेर पडावंच लागणार. तिने फोन आतल्या खोलीत पलंगावर ठेवला आणि त्या बाईला निकाल मोठ्याने वाचायला लावला. फाईल तिने आधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती. स्वतः अनवाणी येऊन दाराच्या पाठीशी उभी राहिली, हातोडी पदरात. पलीकडे तो गुडघे टेकून बसला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, मध्ये फक्त दाराची फळी. त्याने कान लावला, आतल्या खोलीतला आवाज ऐकला आणि त्याला वाटलं असणार, आंधळी आत पलंगावर बसून काहीतरी ऐकतेय. तार फिरली. ताई म्हणते, चांगलं कुलूप होतं, त्याला वेळ लागला.

खटका सरकला. बोटं फटीत आली. तिने अंगाचा सगळा भार टाकून दार बोटांवर लोटलं.

मी जिन्याखाली होते तेव्हा ती किंकाळी ऐकली. अशी किंकाळी मी पूर्वी ताईच्या तोंडून ऐकली होती, म्हणून मला वाटलं, संपलं सगळं. रेलिंगला धरून, फुटका गुडघा ओढत मी वर चढत होते. दार पुन्हा आपटल्याचा आवाज आला. पुन्हा. दर वेळी किंकाळी बारीक होत गेली. शेवटच्या वळणावर मला कळलं की आवाज पुरुषाचा आहे.

वर पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि तो उंबऱ्यावर पालथा पडला होता, निम्मा आत, निम्मा बाहेर. डावा हात फरशीवर पसरला होता. हात म्हणायचा म्हणून म्हणते. बोटं होती, पण ती बोटांसारखी कुठेच वळत नव्हती आणि दोन ठिकाणी हाड बाहेर आलं होतं. उजव्या हाताने मात्र त्याने ताईचा घोटा गच्च धरला होता. "तुला जिवंत गाडीन," तो दातांतून म्हणत होता, आणि ओढत होता. ती एका पायावर डळमळली. तिची पाठ भिंतीला लागली.

मी ओरडले. माझा आवाज ऐकून तिने मान वळवली, पण हात थांबवला नाही. ती हळूच वाकली. डाव्या हाताने तिने स्वतःची नडगी चाचपली, गुडघ्यापासून खाली खाली, थेट त्याच्या मुठीपर्यंत. तिथे एक बोट ठेवून जागा पक्की केली. मग बोट काढलं आणि उजव्या हाताने हातोडी घातली. एकदा चुकली, तिच्याच घोट्यावर बसली. तिने ओठ चावला. पुढची चुकली नाही. त्यानंतरच्या मी पाहत होते आणि मोजत नव्हते. त्याची मूठ सुटली तरी ती फरशीवर त्याचा हात शोधून काढायची आणि घालायची.

मग ती भिंतीला टेकून खाली बसली. हातोडी तिच्या मांडीवरून घसरून माझ्या पायाशी आली.

मी ती उचलली. मूठ ओली होती. तो तोंड फरशीला लावून कण्हत होता, फरशीवर आपटून फुटलेल्या नाकातून रक्ताचे बुडबुडे येत होते, आणि त्याच्या कानामागचा तो मऊ खळगा मला अगदी स्पष्ट दिसत होता. माझे दोन दात आठवले. ताईचा डावा डोळा आठवला, मग उजवा. मी त्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि हात वर नेला.

"ठेव ती खाली," ताई म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"तुझा श्वास ओळखते मी. ठेव."

"हा जिवंत राहिला तर पुन्हा येईल, ताई! सुटेल आणि येईल! याला किती वेळा सोडायचं?"

ती बसल्या जागेवरून पुढे सरकली. फरशीवरच्या रक्तातून हात फिरवत तिने त्याचा डावा पंजा शोधला, मग उजवा. तांदूळ निवडावेत तशी ती एकेक बोट चाचपत गेली, आणि प्रत्येक बोटाला तो लहान मुलासारखा ओरडला. तिची खात्री पटली. तिने हात पदराला पुसले.

"याला आता शर्टाचं बटण लावता येणार नाही," ती म्हणाली. "कुलूप लांबच राहिलं."

"ताई—"

"मला तो मरायला नको होता गं. मला झोपायचं होतं."

मी हातोडी खाली ठेवली. ती घोटा चोळत बसली होती. रस्त्यावर पोलिसांच्या गाडीचा आवाज आला आणि गल्लीच्या तोंडाशी थांबला. आतल्या खोलीत ती बाई अजून वाचत होती. निकाल संपून तिने पहिल्यापासून सुरुवात केली होती. अर्जदार राहणार छापखान्यामागची गल्ली, पिवळी इमारत.

मी सवयीने दचकले आणि फोन बंद करायला आत धावले. जिन्यावर शेजारपाजारचे गोळा झाले होते, सगळ्यांना ऐकू जात होतं.

"असू दे," ताई मागून म्हणाली. तिने जांभई दिली, हनुवटीला हात लावून. "वाचू दे तिला. आता कळला तरी चालेल."